स्मृतिभ्रंशग्रस्त वृद्धांचे पुनर्वसन आणि व्हिडिओ खेळ : पालघर-बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात एक भाषिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

‘आपण आता कोणत्या जिल्ह्यात आहोत?’ वृद्धांची स्मृती तपासताना स्थळाविषयी जे प्रश्न विचारले जातात, त्यांच्यापैकी हा एक साधा प्रश्न होय. बोईसर किंवा तारापूर येथील ऐंशी वर्षांच्या वृद्धाने त्याचे उत्तर ‘ठाणे’ असे दिले, तर ते चूक ठरते. कारण १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा महाराष्ट्राचा छत्तिसावा जिल्हा अस्तित्वात आला. परंतु त्या वृद्धाच्या आयुष्याची जवळजवळ सत्तर वर्षे, गाव न सोडता, ठाणे जिल्ह्यातच गेलेली असतात. अशा वेळी ‘ठाणे’ या उत्तराचे दोन अर्थ संभवतात. एक, ती केवळ जिभेला पडलेली सवय असेल. दुसरा, नवी गोष्ट मनात ठरू न देणाऱ्या विकाराचे ते लक्षण असेल. एकट्या उत्तरावरून यांपैकी कोणता अर्थ खरा, हे सांगता येत नाही.

स्मृतिभ्रंशग्रस्त वृद्धांच्या पुनर्वसनासाठी गेल्या सुमारे वीस वर्षांत जी नवी साधने पुढे आली, त्यांत व्हिडिओ खेळांचा समावेश होतो. वरवर पाहता हा विषय वैद्यकाचा व यंत्रविद्येचा आहे. तथापि खेळ खेळणाऱ्याशी काही तरी बोलतो, आणि त्याचा परिणाम झाला की नाही हेही खेळणाऱ्याला प्रश्न विचारूनच ठरविले जाते. ही दोन्ही कार्ये भाषेची आहेत. म्हणून या साधनाचे मर्म, त्याविषयी उपलब्ध असलेला पुरावा आणि पालघरसारख्या बहुभाषी जिल्ह्यात ते वापरताना उपस्थित होणारे प्रश्न यांचा येथे क्रमाने विचार करावयाचा आहे.

हा विचार अगत्याचा का, हे एका आकड्यावरून ध्यानात येईल. भारतातील साठ वर्षांवरील व्यक्तींच्या देशव्यापी पाहणीवर आधारलेला आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेला अंदाज असा की, या वयोगटातील ७·४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आढळले. म्हणजेच ज्यांच्यासाठी आजवर कसोट्याही कमी तयार झाल्या आणि खेळही कमी तयार झाले, त्यांच्यातच या विकाराचे ओझे अधिक आहे.

२. काय जाते आणि काय उरते

स्मृती ही एकजिनसी शक्ती नाही. आज सकाळी कोण भेटले, पानिपतची लढाई केव्हा झाली, या वस्तूला काय म्हणतात, ही शब्दांत सांगता येण्याजोगी स्मृती होय. पोहणे, जाळे विणणे, भाकरी थापणे ही अंगवळणी पडलेल्या कृतीची स्मृती होय. या भेदाचा ठसठशीत पुरावा कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांच्या संशोधनातून मिळाला. १९५३ साली अपस्मारावरील उपाय म्हणून मेंदूवर शस्त्रक्रिया झालेल्या आणि शास्त्रीय वाङ्मयात एच. एम. या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाला नवीन घटना लक्षात ठेवता येत नसत. मिल्नर यांनी त्याला आरशात पाहून ताऱ्याची आकृती गिरविण्यास दिली. दिवसेंदिवस त्याचा हात सुधारत गेला; मात्र हे काम आपण पूर्वी केले आहे याची आठवण त्याला दर वेळी नव्हती. हाताने शिकलेली गोष्ट मनाला ठाऊक नव्हती.

स्मृतिभ्रंशाच्या प्रकारांत सर्वांत अधिक आढळणाऱ्या अल्झायमर विकारात प्रथम झीज होते ती बहुधा पहिल्या प्रकारच्या स्मृतीला आधारभूत असलेल्या भागांची. कृतिस्मृतीचा आधार असलेले मेंदूतील खोलवरचे भाग व लहान मेंदू तुलनेने उशिरापर्यंत टिकतात. भाषेच्या अभ्यासकास हीच गोष्ट रुग्णाच्या बोलण्यात दिसते. ‘अगं, ते त्याच्यात ठेवलंय ना, ते दे’ असे वाक्य अशा घरांतून नेहमी कानी पडते. यातील दोन्ही नामे हरपली आहेत. डबा नाही, चष्मा नाही. परंतु ‘त्याच्यात’ मधील विभक्तिप्रत्यय बिनचूक आहे, क्रियापदाचा मेळ बिनचूक आहे, आणि ‘ना’ या अव्ययाने ऐकणाऱ्याला सहमतीत ओढून घेण्याचे कसबही शाबूत आहे. कोश गळतो, पण व्याकरण बराच काळ उभे राहते. अमेरिकन संशोधक मायकेल उलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ साली दाखवून दिले की, इंग्रजीतील अनियमित भूतकाळी रूपे, जी एकेक करून स्मरणात ठेवावी लागतात, ती अल्झायमरच्या रुग्णांना अधिक जड जातात. नियमाने सिद्ध होणारी रूपे कंपवाताच्या रुग्णांना अधिक जड जातात. मराठीत ‘बसणे-बसला’ आणि ‘जाणे-गेला’ या जोड्यांमधील भेद या दृष्टीने तपासून पाहण्याजोगा आहे.

याच न्यायाने लहानपणी घोकलेले पाढे, पावकी-निमकी, आरत्या, जात्यावरच्या ओव्या या गोष्टी बराच काळ टिकून राहतात. त्या आठवाव्या लागत नाहीत. सुरुवात करून दिली की त्या चालू होतात. पुनर्वसनाचा सगळा भर येथे आहे. जे गेले ते परत आणण्याचा हट्ट न धरता, जे उरले आहे त्याला काम देणे, हे त्याचे तत्त्व होय. औषधाप्रमाणेच खेळानेही हा विकार बरा होत नाही, हे आरंभीच स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

३. खेळांचे प्रकार आणि पुरावा

या कामी वापरल्या जाणाऱ्या खेळांचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतील. पहिला, पडद्यावर बोटाने खेळावयाचे स्मरण-अवधानाचे खेळ. दुसरा, अंगाच्या हालचालीने खेळावयाचे व्यायामखेळ. निन्टेन्डो कंपनीचे ‘वी’ हे यंत्र २००६ साली बाजारात आले, तेव्हापासून हा प्रकार रूढ झाला; हातातील दांडी फिरविली की पडद्यावरचा चेंडू धावतो. पुढे पायांखालच्या पाटावर दाब देऊन किंवा पडद्यासमोरील स्थिर सायकल चालवून खेळावयाचे खेळ निघाले. तिसरा प्रकार टेबलावर प्रकाशचित्रे टाकण्याचा. नेदरलंड्समधील डेल्फ्ट येथील संशोधनातून निघालेल्या ‘तोव्हरताफेल’ या साधनात टेबलावर पाने, फुले, चेंडू यांची प्रकाशचित्रे पडतात आणि हात फिरविला की ती सरकतात. तेथे हरणे नाही आणि गुणही नाहीत.

यांच्या उपयुक्ततेविषयी अतिशयोक्त विधाने वारंवार केली जातात. म्हणून पुराव्याची मर्यादा पाहणे आवश्यक आहे. २०१३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील प्रयोगात ६० ते ८५ वर्षे वयाच्या व्यक्तींना गाडी हाकता हाकता खुणा ओळखण्याचा खेळ देण्यात आला. त्यांचे अवधान सुधारले आणि तो परिणाम सहा महिने टिकला. परंतु ही माणसे निरोगी होती. स्मृतिभ्रंशग्रस्तांविषयी तो प्रयोग काहीच सिद्ध करीत नाही. बेल्जियममध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात शुश्रूषागृहांत राहणाऱ्या स्मृतिभ्रंशग्रस्तांनी आठ आठवडे, आठवड्यातून तीन वेळा, पंधरा पंधरा मिनिटे पावले टाकण्याचा खेळ खेळला. प्रयोग पूर्ण करणाऱ्या ४५ व्यक्तींत, नुसती संगीतचित्रे पाहणाऱ्या गटापेक्षा खेळणाऱ्या गटाची चाल, तोल आणि मनःस्थिती यांत सुधारणा दिसली. बुद्धिकसोटीचे गुणही वाढले. उलट, नेदरलंड्समधील ११५ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बारा आठवडे सायकल चालविण्याचा खेळ दिला असता प्रतिक्रियेचा वेग वाढला. पण तसा तो नुसती सायकल चालविणाऱ्यांचाही वाढला, आणि घटना लक्षात ठेवण्याच्या शक्तीत काही फरक पडला नाही.

या सर्वांचा मथितार्थ इतकाच की, खेळाने पावले सावरतात, मन रमते, काही अंशी अवधान सुधारते. हरवलेली आठवण परत येत नाही. मात्र ही प्राप्ती क्षुल्लक नव्हे. वृद्ध पडला नाही, खुब्याचे हाड मोडले नाही, संध्याकाळची घालमेल अर्ध्या तासापुरती थांबली, एवढ्यानेही घरातील सांभाळ करणारीच्या आयुष्यात मोठा फरक पडतो.

४. खेळाची भाषा

वरील सर्व प्रयोग अशा समाजांत झाले, जेथे खेळाची भाषा आणि खेळणाऱ्याची भाषा बहुधा एकच होती. पालघर जिल्ह्यात ही गोष्ट गृहीत धरता येत नाही. किनाऱ्यावर सातपाटी ते डहाणू या पट्ट्यात मांगेली, वाडवळी यांसारख्या बोली आहेत. पूर्वेकडील डोंगराळ तालुक्यांत वारली, कातकरी आणि कोकणा समाजांच्या बोली आहेत. डहाणू-तलासरीकडे गुजराती मिसळते. बोईसर-तारापूरची गोष्ट आणखी वेगळी आहे. तेथील अणुऊर्जा केंद्रातून १९६९ साली वीजनिर्मिती सुरू झाली, आणि पुढे औद्योगिक वसाहतीत रसायने, औषधे, कापड व पोलाद यांचे कारखाने उभे राहिले. त्यांच्यासाठी देशाच्या नाना प्रांतांतून माणसे आली, आणि त्यांच्यापैकी पुष्कळजण निवृत्तीनंतर तेथेच राहिले. तरुणपणी कामासाठी शिकलेली हिंदी वा मराठी विकार वाढताना आधी विरत जाणे आणि पहिली भाषा मागे उरणे, ही गोष्ट अशा अनेक रुग्णांत नोंदली गेली आहे. ज्या वृद्धाशी घरातील नातवंडे हिंदीत बोलतात, त्याची अखेरची भाषा मल्याळम किंवा भोजपुरी असू शकते.

अशा ठिकाणी खेळाच्या सूचनांविषयी काही गोष्टी ध्यानात घेतल्या पाहिजेत. पहिली, क्रियापदाची. ‘टॅप करा’, ‘स्वाइप करा’ ही क्रियापदे मोबाइलबरोबर आली. ती शिकावी लागतात, आणि शिकणे हीच तर गेलेली शक्ती आहे. ‘बोट लावा’, ‘हाताने सारा’ या क्रियापदांना शिकवणी लागत नाही. दुसरी गोष्ट नामांची. ‘निळ्या त्रिकोणावर बोट ठेवा’ या सूचनेत दोन शब्द कोशातून काढावे लागतात. समोर उडणारी माशी हाकलण्यास एकही लागत नाही. सूचना जितकी नामांवर अवलंबून, तितकी ती अधिक लवकर निकामी होते. तिसरी, संबोधनाची. मराठी घरात आजोबांना ‘तुम्ही’ म्हणतात, पण आजीला पुष्कळदा ‘तू’. यंत्रातून ‘कृपया आपला उजवा हात वर करावा’ असा आवाज आला, तर तो कचेरीचा वाटतो. ‘आजी, हात वर कर बघू’ हा घरचा वाटतो. मात्र हीच जवळीक परक्या परिचारिकेच्या तोंडी अपमानकारक ठरू शकते. तेव्हा कोणाच्या आवाजात कोणते सर्वनाम योजावे, हे खेळ रचतानाच ठरले पाहिजे. चौथी, अपयश कळविण्याची. चुकले की कर्कश ध्वनी करणारा खेळ तरुणाला ईर्ष्या देतो. स्मृतिभ्रंशग्रस्ताला तो फक्त लाज देतो, आणि कारण विसरले तरी लाज मागे उरते. चूक घडूच नये अशा रीतीने शिकविण्याची पद्धत अशा रुग्णांच्या बाबतीत अधिक लाभदायक आढळली आहे.

पश्चिमेत म्हणीचा पूर्वार्ध ऐकवून उत्तरार्ध पूर्ण करविणारे खेळही आहेत. त्यांचे भाषांतर करणे हा व्यर्थ उद्योग होय. तेथे म्हणीचा अर्थ कामास येत नाही, तिची चाल येते; आणि चाल भाषांतरात राहत नाही. ज्याच्या त्याच्या बोलीतील म्हणी, कोडी आणि गाणी गोळा केल्यावाचून हा खेळ येथे उभा राहणार नाही.

कृतींबाबतही हेच म्हणता येईल. बोलिंगचा चेंडू पालघरच्या वृद्धाने कधी फेकलेला नसतो. पण सातपाटीच्या वृद्धाने जाळे ओढलेले असते, घोलवडच्या वृद्धेने चिकू वेचलेले असतात, जव्हारच्या वृद्धेने भाताची लावणी केलेली असते. पावले टाकण्याच्या खेळासाठी तर तारपा नाचाएवढी समर्पक गोष्ट शोधूनही मिळणार नाही. वादक सूर बदलतो तशी नाचणाऱ्यांची पावले बदलतात. सूचना शब्दांतून न येता सुरातून येते. सोंगट्या, सागरगोटे, पत्ते यांचे नियम हातांना ठाऊक असतात. आज मोबाइलच्या कॅमेऱ्याने हाता-पायांची हालचाल ओळखता येते. त्यामुळे असे खेळ तयार करण्यास महागडे यंत्र लागेलच असे नाही. तोल जाणाऱ्या वृद्धाला धरावयास माणूस मात्र जवळ लागतो.

५. बोर्डी आणि कोसबाड यांचा दाखला

परदेशी साधन येथे आणावयाचे तर ते कसे, याचा एक दाखला याच जिल्ह्यात घडलेला आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले. १९५७ साली ते डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर नेण्यात आले आणि तेथे अनुताई वाघ यांनी ते दीर्घकाळ चालविले. मादाम मॉन्टेसरी यांची पद्धती ताराबाईंनी मनापासून स्वीकारली होती. पण तिची किमती उपकरणे खेड्याला परवडणारी नव्हती. तेव्हा त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने यांतून साधने घडविली. मुले शाळेत येत नाहीत असे दिसल्यावर शाळाच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा भरविली. पद्धतीचे तत्त्व राखले, द्रव्य बदलले.

या दाखल्याचा प्रस्तुत विषयाशी असलेला संबंध केवळ भौगोलिक नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कॅमेरॉन कॅम्प यांनी १९९० च्या दशकात मॉन्टेसरी पद्धतीची तत्त्वेच स्मृतिभ्रंशग्रस्तांसाठी योजिली : हाताळता येईल अशी वस्तू, एका वेळी एक पायरी, तोंडी सूचनेऐवजी करून दाखविणे, चूक स्वतःची स्वतःस कळेल अशी रचना. अर्थात वृद्ध हा बालक नव्हे, हे येथे विसरता कामा नये. त्याच्यामागे साठ-सत्तर वर्षांचे कसब आणि मान आहे. रंगीत ससे व टाळ्या वाजविणारे अस्वल त्याच्यापुढे नाचविणे हा त्याचा उपमर्द होय. त्याचप्रमाणे स्थानिक म्हणून दिसेल ते खेळात घालणेही योग्य नाही. वारल्यांचा लग्नचौक ही सुवासिनींनी विधिपूर्वक लिहावयाची गोष्ट आहे. पडद्यावर बोटाने पुसण्याचे ते चित्र नव्हे.

६. मोजमापाचा प्रश्न

खेळाचा परिणाम ठरविण्यासाठी आधी आणि नंतर कसोटी घ्यावी लागते. जगभर प्रचारात असलेली एक कसोटी १९७५ साली अमेरिकेत तयार झाली. तीत तारीख, ऋतू, स्थळ विचारतात, वाक्य लिहावयास सांगतात, इंग्रजी शब्दाची अक्षरे उलट म्हणावयास लावतात. निरक्षर माणूस तेथे विकार नसतानाही नापास होतो. ही अडचण ओळखून हरियानातील बल्लभगड येथील पाहणीसाठी निरक्षर ग्रामीण वृद्धांना लागू पडेल अशी हिंदी कसोटी सिद्ध करण्यात आली, आणि ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. पुढे भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने भारतीय भाषांसाठी कसोट्यांचा संच तयार करविला. त्याच्या पहिल्या पाच भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या होत्या. मराठी त्यांत नव्हती.

प्रमाण मराठीत कसोटी उपलब्ध झाली, तरी पालघरचा प्रश्न संपत नाही. वस्तूंची नावे विचारली असता बोलीतील नाव सांगणारी वृद्धा ‘चुकली’ असे टिपले जाईल. एका मिनिटात जितके प्राणी आठवतील तितके सांगा, असे म्हटल्यावर मच्छीमार वृद्ध एकामागून एक मासेच सांगत सुटला, तर त्याचे गुण मोजावयाचे कसे, हे परीक्षकाला ठाऊक हवे. उलट धोकाही तितकाच खरा आहे. ‘अडाणी आहे, वय झाले आहे’ असे म्हणून खऱ्या विकाराकडे दुर्लक्ष होते, आणि निदान होते तेव्हा कृतिस्मृतीचाही पाया ढासळलेला असतो. बोलीला विकार समजणे आणि विकाराला बोली समजणे, या एकाच अज्ञानाच्या दोन बाजू होत.

याच संदर्भात हैदराबादच्या संशोधनाची आठवण करून देणे उचित होईल. सुवर्णा अल्लादी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली ६४८ रुग्णांच्या नोंदींवरून दाखविले की, एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे एकभाषिकांपेक्षा सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसली. आणि हा फरक निरक्षरांतही आढळला. कारणांविषयी अद्याप वाद आहे. तथापि घरी वारली, बाजारात गुजराती, कचेरीत मराठी आणि कारखान्यात हिंदी बोलणाऱ्या माणसाचे हे बहुभाषित्व कसोटीने उणीव म्हणून मोजू नये, एवढा बोध त्यातून निश्चित घेता येतो.

७. समारोप

जिल्ह्यात वृद्धांच्या निवासी शुश्रूषेची सोय अगदी थोडी आहे. वसई तालुक्यातील राजोडी येथे ‘सिल्व्हर इनिंग्ज’ या संस्थेने उभारलेल्या केंद्रासारखी उदाहरणे विरळा. बहुतेक स्मृतिभ्रंशग्रस्त घरीच असतात. एप्रिल २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणू रोडपर्यंत धावू लागल्या. कर्ता मुलगा पहाटेच्या गाडीने मुंबईकडे जातो, आणि सासूसासऱ्यांचा सांभाळ सुनेकडे व शाळकरी नातवंडांकडे येतो. नातवंडाच्या हातातील मोबाइल हेच या घरांतील पुनर्वसनाचे संभाव्य यंत्र होय. त्यातून ‘आजी, हाताने सार’ असा आवाज कोणत्या बोलीत यावा, समोर काय दिसावे, आणि महिन्याभराने सुधारणा झाली हे कशावरून ठरवावे, ही उत्तरे यंत्र बनविणाऱ्यापाशी नाहीत.

ती उत्तरे मिळविणे हे बोलींच्या अभ्यासकाचे काम आहे. ग्रियर्सनच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ सालच्या मराठी खंडात वारलीसारख्या बोलींचे नमुने संगृहीत झाले. ते नमुने कथा व निवेदने यांचे होते. आता हवे आहेत ते आज्ञार्थाचे, संबोधनाचे, गोंजारण्याचे, मोजण्याचे आणि म्हणी पुऱ्या करण्याचे नमुने. ते ज्यांच्याकडून मिळावयाचे ती पिढी हीच आहे, आणि तिच्यातील कित्येकांची नामे आजच गळू लागली आहेत. संग्रह लांबला, तर खेळ रचावयास सामग्री राहणार नाही आणि बोलीची नोंदही राहणार नाही. बोईसरच्या त्या वृद्धाने ‘ठाणे’ असे उत्तर दिल्यावर त्यापुढे फुली मारण्यापूर्वी, ‘आणि त्याआधी, आजोबा, तुमचे गाव कोणत्या तालुक्यात होते?’ असा दुसरा प्रश्न त्याच्याच बोलीत विचारू शकेल असा परीक्षक तयार करणे, ही या कामाची पहिली पायरी होय.